मिसफायर निदान : बदल केलेल्या मोटारींतील

इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमधले इंधन-हवेचे मिश्रण न पेटणे किंवा अर्धवट पेटणे म्हणजे मिसफायर. गॅरेजमध्ये यालाच गाडी ‘मिसिंग मारते’ असे म्हणतात. आजच्या मोटारीत हा दोष इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, स्वतः टिपतो, कोड साठवतो आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लावतो. कारखान्यातून आली तशीच राहिलेल्या गाडीत हा कोड बऱ्यापैकी भरवशाचा असतो. सीएनजी किट, रीमॅप (ईसीयूमधली इंधन-ठिणगीची मूळ आकडेवारी बदलणे), मोठा टर्बो (सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबणारा पंप) किंवा हलके फ्लायव्हील (क्रँकची फिरकी एकसारखी ठेवणारे जड चाक) असलेल्या गाडीत तो जपून वाचावा लागतो. ईसीयू प्रत्येक मापाची तुलना मूळ इंजिनाशी करतो आणि ते इंजिन आता तसे राहिलेले नसते.

ईसीयूला ना ठिणगी दिसते, ना ज्वाळा. बहुतेक गाड्यांत तो फक्त क्रँकशाफ्टचा, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचा, वेग पाहतो. क्रँकवरच्या दातेरी चाकावर (बऱ्याच इंजिनांत ६० दात्यांच्या जागांपैकी २ मोकळ्या ठेवलेल्या असतात) एक सेन्सर रोखलेला असतो आणि एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंत किती वेळ गेला हे मोजले जाते. चार सिलिंडरचे इंजिन ३,००० आरपीएमवर सेकंदाला १०० वेळा पेटते, म्हणजे प्रत्येक धक्क्याच्या वाट्याला १० मिलिसेकंद येतात. एक धक्का चुकला की क्रँक किंचित मंदावतो. तो कोणत्या सिलिंडरच्या पाळीला मंदावला, यावरून सिलिंडरचा क्रमांक ठरतो. खराब रस्त्यावर चाकांचे हादरेसुद्धा क्रँकपर्यंत पोचतात, म्हणून अनेक गाड्यांत एबीएसच्या सेन्सरवरून रस्ता ओळखून ही मोजणी तात्पुरती थांबवली जाते. खड्ड्यांच्या रस्त्यावर दिवा लागला नाही, एवढ्यावरून इंजिन ठीक आहे असे ठरत नाही.

दिवा स्थिर लागला तर मिसफायरमुळे प्रदूषण मर्यादेबाहेर गेले आहे. असा दिवा सहसा गाडीच्या सलग दुसऱ्या फेरीत दोष दिसल्यावर लागतो. दिवा लुकलुकत असेल तर मात्र न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आहे आणि आतली सच्छिद्र वीट वितळू शकते. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडून गाडी हळू बाजूला घ्यावी. ‘घरापर्यंत नेऊ’ हा विचार महागात पडतो.

गाडीने स्वतःचे दोष ओळखण्याची ही पद्धत, म्हणजे ओबीडी, कॅलिफोर्नियाच्या हवा-संसाधन मंडळाच्या नियमांतून आली. तिथे १९८८च्या मॉडेलांपासून पहिली पिढी (ओबीडी-१) आणि १९९६पासून सर्व अमेरिकेत ओबीडी-२ सक्तीचे झाले. युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१पासून आणि भारतात २०१०पासून ओबीडी-१, तर एप्रिल २०१३पासून ओबीडी-२ लागू झाले. स्टिअरिंगखालचे १६ पिनांचे सॉकेट सगळीकडे सारखे असते, म्हणून साधा ब्लूटूथ स्कॅनरही कोड काढू शकतो.

कोडमधले ‘पी’ हे अक्षर इंजिन-गिअरबॉक्सचे. त्यानंतर ० असेल तर कोड सर्व कंपन्यांना सामाईक, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. पी०३०० म्हणजे मिसफायर होतो आहे, पण एका सिलिंडरला धरून नाही. पी०३०१ पहिल्या सिलिंडरचा, पी०३०२ दुसऱ्याचा, असे पुढे. फोक्सवॅगन गटाच्या जुन्या स्कॅनरवर पी०३००ऐवजी १६६८४ दिसते, तोही कोड हाच. कोड कारण सांगत नाही, जागा सांगतो. न पेटलेल्या सिलिंडरमधला प्राणवायू तसाच बाहेर पडतो, ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ वाटते आणि ईसीयू इंधन वाढवतो. मग पी०३०१सोबत ‘मिश्रण पातळ’ सांगणारा पी०१७१ही येऊन बसतो आणि खराब कॉइल (प्लगला उच्च व्होल्टेज पुरवणारा भाग) सोडून इंधनपंप बदलला जातो. काही ईसीयू कन्व्हर्टर वाचवण्यासाठी त्या सिलिंडरचा इंजेक्टर बंदच करतात. तो इंजेक्टर बिचारा निर्दोष असतो.

महाराष्ट्रात सर्वाधिक दिसणारा बदल म्हणजे बाहेरून बसवलेले सीएनजी किट. सिक्वेन्शिअल किटचा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पाळीने गॅस देणाऱ्या किटचा, छोटा संगणक मूळ ईसीयूने काढलेला पेट्रोल-इंजेक्टरचा वेळ घेतो, त्यात स्वतःचा गुणक लावतो आणि गॅसचे इंजेक्टर उघडतो. गुणक चुकला तर गॅसवर धावताना मूळ ईसीयू आपली इंधन-दुरुस्ती, म्हणजे फ्युएल ट्रिम, वरखाली करत राहतो आणि ती दुरुस्ती साठवून ठेवतो. मग पेट्रोलवर आल्यावर मिश्रण चुकते आणि दोष पेट्रोलचा वाटतो. म्हणून पहिली चाचणी फुकटातली : तोच रस्ता, तोच गिअर, एकदा पेट्रोलवर आणि एकदा गॅसवर. दोन्हींवर मिसिंग असेल तर प्लग, कॉइल, कॉम्प्रेशन तपासावे. फक्त गॅसवर असेल तरी लगेच किटला दोष देऊ नये. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते आणि पेट्रोलवर कसेबसे निभावणारे झिजलेले प्लग गॅसवर उघडे पडतात. प्लग नवे असूनही त्रास राहिला तर गॅसचा फिल्टर, रिड्यूसरचा (टाकीतल्या गॅसचा दाब कमी करणारा भाग) दाब आणि इंजेक्टर पाहावेत. वर्षानुवर्षे गॅसवर चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या सीट झिजून टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट) संपतो. थंड असताना ठीक, गरम झाल्यावर आयडलिंगला मिसिंग, अशी त्याची खूण. इथे स्कॅनरचा उपयोग संपतो आणि फिलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) हातात घ्यावा लागतो.

टर्बो-पेट्रोल गाडीच्या रीमॅपमधला दोष वेगळ्या जागी दिसतो. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाटलेल्या हवेतून ठिणगी उडवायला कॉइलला जास्त जोर लावावा लागतो. आयडलिंगला इंजिन सुरळीत, पण वरच्या गिअरमध्ये मधल्या आरपीएमला पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की झटके आणि लुकलुकता दिवा. उभ्या गाडीला रेस देऊन हा दोष सापडत नाही, कारण तेव्हा बूस्टच येत नाही. अशा गाड्यांत प्लगचा गॅप मूळ १ मिमीच्या आसपास असेल तर तो ०.७ मिमीच्या जवळ आणतात आणि एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, प्लग वापरतात. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत बाहेर हवा सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावला, तर मोजलेली हवा वाया जाते आणि गिअर बदलताना मिश्रण घट्ट होऊन इंजिन अडखळते. फुसकारा झकास वाटतो, एवढाच त्याचा फायदा.

काही कोड साफ खोटे असतात. हलक्या फ्लायव्हीलमुळे क्रँकचा वेग मुळातच जास्त डळमळतो. जास्त ओव्हरलॅपचा कॅम (आत येणारा आणि बाहेर जाणारा व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे ठेवणारा) आयडलिंगला खरोखरच विस्कळीत ज्वलन करतो. दोन्हींत पी०३०० येऊ शकतो आणि दुरुस्त करण्यासारखे काही तुटलेले नसते. क्रँक-सेन्सर किंवा फ्लायव्हील बदलल्यावर दात्यांमधला सूक्ष्म फरक ईसीयूला पुन्हा शिकवावा लागतो. तो शिकलेला नसल्यास काही गाड्या पी०३१५ दाखवतात. रीमॅप करणाऱ्या ट्यूनरने वेगाची किती डळमळ मिसफायर मानायची, ही मर्यादा नव्या इंजिनाला साजेशी करावी. मिसफायरची मोजणीच बंद करून दिवा विझवणे ही निव्वळ लबाडी आहे, कारण पुढचा खरा मिसफायर कन्व्हर्टर जळेपर्यंत कळत नाही.

तपासणीला बसताना आधी मालकाकडून बदलांची यादी घ्यावी आणि दिवा त्यातल्या कोणत्या कामानंतर लागला हे विचारावे. बॅटरीची तार काढून कोड पुसण्याची सवय वाईट; त्याबरोबर फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष नोंदला त्या क्षणीचे आरपीएम, लोड आणि तापमान, तेही जाते. फ्युएल ट्रिम आयडलिंगला जास्त आणि आरपीएम वाढवल्यावर कमी होत असेल तर व्हॅक्यूमची गळती शोधावी. लोडवर वाढत असेल तर इंधनाचा दाब. त्यानंतर, कोड पी०३०१ असेल तर, पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावावी. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. पी०३०१च राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. एका वेळी एकच वस्तू हलवावी. चालू इंजिनाची प्लग-वायर ओढून पाहण्याची जुनी रीत कॉइल-ऑन-प्लग, म्हणजे प्रत्येक प्लगवरच कॉइल असलेल्या, गाडीत वापरू नये, कारण त्यात कॉइल आणि ईसीयू दोन्ही जाऊ शकतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. विनापरवाना प्रत्येक बदलाला २०१९च्या दुरुस्तीनंतर ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकते. मान्यताप्राप्त सीएनजी किट आरसीवर नोंदवून घेतले की वैध ठरते. कन्व्हर्टर काढून टाकलेल्या गाडीत पी०४२० येतो. त्याचा मिसफायरशी संबंध नसतो, पीयूसीशी मात्र असतो.