ट्विटर मेला नव्हता, कपॅसिटर सुकला होता

आमच्या सोसायटीतल्या काकांनी रविवारी जुन्या बाजारातून स्पीकरची एक जोडी उचलून आणली. घासाघीस करून आणली, हे त्यांनी आल्या आल्या दोनदा सांगितलं. खोकी दणकट, जाळीचं कापड शाबूत, पण आवाज गोधडीखालून आल्यासारखा. तबल्याचा बायाँ घुमत होता, चाटेचा पत्ता नव्हता. तानपुऱ्याची जवारी तर कुणी पुसून टाकल्यासारखी. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानात निदान झालं, "ट्विटर गेलेत. चाळीस वर्षांचा माल आहे, नवे टाका."

ट्विटर, म्हणजे खोक्यातले वरचे स्वर काढणारे चिमुकले स्पीकर, ठणठणीत होते. मल्टिमीटरवर दोन्हींचा रोध ६ ओहमच्या आसपास आला. ८ ओहमच्या ट्विटरला तेवढाच यायला हवा; ते ८ ओहम ध्वनीच्या उलटसुलट प्रवाहासाठी, मीटर मात्र एकाच दिशेच्या प्रवाहाने मोजतो. आतली कॉइल तुटली असती तर मीटरने काहीच दाखवलं नसतं. दोष मागच्या सर्किटच्या पाटीवर होता.

या पाटीला क्रॉसओव्हर म्हणतात. अ‍ॅम्प्लिफायरकडून खर्ज आणि तार सप्तक एकाच वायरीतून येतात. मोठ्या वूफरला खर्ज द्यायचा, चिमुकल्या ट्विटरला फक्त वरचे स्वर, नाहीतर त्याची केसासारखी बारीक कॉइल जळून जाईल. ही वाटणी दोन भाग करतात. वूफरच्या वाटेवर तांब्याच्या तारेची कॉइल असते, ती वरच्या स्वरांना अडवते. ट्विटरच्या वाटेवर कपॅसिटर असतो, तो खालच्यांना अडवतो. काकांच्या पाटीवर ४.७ मायक्रोफॅरड क्षमतेचा होता. असा कपॅसिटर १०० हर्ट्‌झला सुमारे ३३९ ओहमचा अडथळा करतो आणि १०,००० हर्ट्‌झला जेमतेम ३.४ ओहमचा. ना कुठलं बटण, ना चिप. शाळेत शिकलेला कपॅसिटर, दोन पत्रे आणि मधे विद्युतरोधक, एवढ्यावर हे काम चालतं.

पण जुन्या स्पीकरमधला कपॅसिटर शाळेतल्या आकृतीसारखा नसतो, आणि मला त्याचं खरं वेड इथूनच लागलं. तो इलेक्ट्रोलिटिक जातीचा. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ वर्ख घेतात आणि आम्लाने खरवडून त्यात असंख्य सूक्ष्म बिळं पाडतात, म्हणजे पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. मग द्रावणात बुडवून वीज लावली की त्यावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर चढतो, दर व्होल्टमागे साधारण १.४ नॅनोमीटर. ५० व्होल्टच्या कपॅसिटरात तो शंभर नॅनोमीटरच्या आसपास भरतो. आपला केस त्याच्या कित्येकशे पट जाड असतो. हा थर म्हणजे मधला विद्युतरोधक. एक पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, हे ठीक. दुसरा कुठला?

दुसरा पत्रा म्हणजे द्रव! कागदात मुरवलेलं द्रावण त्या प्रत्येक बिळात शिरून थराला थेट चिकटतं. त्यापलीकडचा दुसरा वर्ख फक्त वीज बाहेर नेणारा हमाल. ध्वनीचा प्रवाह मात्र दिशा उलटसुलट बदलतो आणि असा थर विजेचा एकाच दिशेचा दाब सोसतो. म्हणून स्पीकरसाठीच्या ‘बायपोलर’ कपॅसिटरात दोन्ही वर्खांवर थर चढवतात. म्हणजे एकाच डबीत पाठीला पाठ लावून बसलेले दोन कपॅसिटर. असे एकामागोमाग जोडले की क्षमता निम्मी होते. म्हणूनच ४.७ साठी एवढी गलेलठ्ठ डबी लागते.

आता चाळीस उन्हाळे काढा. रबरी बुचातून द्रावण हळूहळू उडून जातं. बिळं कोरडी पडली की पत्र्याचं क्षेत्रफळ घटतं, म्हणजे क्षमता घटते. उरलेल्या दाटसर द्रावणातून वीज कष्टाने जाते, म्हणजे अंतर्गत रोध वाढतो. काकांच्या कपॅसिटरचा एक पाय पाटीवरून उकलून (तसं न करता मोजलं तर मीटर बाकीच्या पाटीचंही मोजतो) एलसीआर मीटरला, म्हणजे क्षमता आणि अंतर्गत रोध मोजणाऱ्या यंत्राला, लावला. क्षमता २.९ मायक्रोफॅरड, रोध जवळपास ४ ओहम. ४,००० हर्ट्‌झला जो अडथळा ८.५ ओहम हवा, तो १३.७ झाला होता. वर हे ४ ओहम सगळ्याच स्वरांना. अगदी वरच्या पट्टीतसुद्धा ८ ओहमच्या ट्विटरला दोन-तृतीयांशच व्होल्टेज पोचत होतं, म्हणजे साडेतीन डेसिबलची कपात. जवारी कुठे गेली ते कळलं.

हे प्रत्येक भागाला लागू नाही. कॉइल सहसा बिघडत नाही, तिच्या सोल्डरला तडा गेलाय का तेवढं बघायचं. पांढरे सिमेंटचे रेझिस्टर मोजून सोडून द्यायचे. ट्विटरचा आवाज कमी-जास्त करायची मागची चकती असेल तर ती मात्र हमखास गंजलेली असते.

मी ४.७ चा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा, म्हणजे पातळ प्लॅस्टिकचा, कपॅसिटर बसवला. त्यात द्रवच नाही, सुकायचं काय? गंमत पुढे झाली. चाट परत आली, पण काका म्हणाले, "आता जरा टोचतंय." त्यांचं बरोबर होतं. मूळ कपॅसिटर नवा असतानाही त्याला थोडा रोध असणारच, आणि स्पीकर बनवणाऱ्याने तो धरूनच ट्विटरची पातळी बसवली असणार. फिल्मला तो जवळजवळ शून्य. अर्धा ओहमचा, ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर कपॅसिटरच्या मागोमाग जोडला आणि टोचणी गेली. जोडीतल्या दोन्ही खोक्यांना नेमकं तेच केलं, नाहीतर गायक एका बाजूला सरकतो.

याच कामासाठी हजारो रुपयांचे ‘खास’ कपॅसिटर मिळतात. चांदीच्या वर्खाचे, दिशेचा बाण छापलेले, दोनशे तास ‘मुरवल्याशिवाय’ खुलत नाहीत असं सांगून विकलेले. फिल्मच्या कपॅसिटरवरच्या बाणाला मी गंडेदोऱ्याइतकंच महत्त्व देतो. दोनशे तासांत मुरतात ते बहुधा आपले कान. किंमत बघू नका, क्षमता आणि व्होल्टेज बघा.

दुरुस्तीला दोन्ही खोकी मिळून चहा-भज्यांसकट एक दुपार लागली. काका आता रोज सकाळी अभंग लावतात, टाळ स्वच्छ ऐकू येतात. श्रेय मात्र त्यांनी आदल्या दिवशी आणलेल्या जाड तांब्याच्या वायरीला दिलं आहे.