दरवाजा, लोखंडी व पोलादी (नाशिक जिल्हा)

घराच्या मुख्य प्रवेशासाठी पत्रा, चौरस पाइप व पट्ट्या जोडून केलेला धातूचा दरवाजा. सर्रास लोखंडी म्हणून ओळखला जाणारा आजचा दरवाजा वस्तुतः मृदू पोलादाचा, म्हणजे बाजारातल्या ‘एमएस’चा असतो, त्यात कार्बनचे प्रमाण साधारणतः ०.२५ टक्क्यांच्या आत असते. घडीव लोखंड जुन्या वाड्यांच्या कड्या-कोयंड्यांत आढळते.

नाशिकच्या मातीच्या गढीवर पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये केलेल्या उत्खननात प्रारंभिक ऐतिहासिक काळाच्या थरांतून लोखंडी वस्तू मिळाल्या. दारांच्या बाबतीत मात्र लोखंड दीर्घकाळ लाकडाच्या आधारालाच राहिले असावे. पेशवेकालीन वाड्यांची दारे सागवानी; खिळे, पट्ट्या, साखळी व बिजागऱ्या तेवढ्या लोखंडी. दारांवरील खिळ्यांच्या प्रयोजनाविषयी मतभेद आहेत. हत्तीची धडक थोपवण्यासाठी ते असत, असे एक प्रचलित मत आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरील लांब सुळ्यांना ते लागू पडते. ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर आहेत. वाड्यांच्या दारांवर मात्र बहुधा बुटके, घुमटीसारख्या डोक्याचे खिळे दिसतात. दुसऱ्या मताप्रमाणे हे खिळे उभ्या फळ्या व मागचे आडवे दांडे एकत्र आवळण्यासाठी असत. खिळा आरपार घालून मागे वाकवला की फळी निसटत नाही आणि कुऱ्हाडीचा घावही डोक्यावर अडतो. जुन्या नाशिकच्या बोळांची रुंदी पाहता तेथील दारांपुरते हे स्पष्टीकरण अधिक पटते.

जिल्ह्याचे हवामान एकजिनसी नाही. इगतपुरीत वर्षाला सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो, नाशिक शहरात सुमारे ७००. येवला-नांदगावकडे तो आणखी घटतो. निफाडचा पारा थंडीत ५ अंश सेल्सिअसच्याही खाली जातो, तर मालेगाव उन्हाळ्यात चाळिशी सहज ओलांडते. म्हणून एका तालुक्यात टिकलेला दरवाजा दुसऱ्या तालुक्यात टिकेलच असे नाही.

गंजण्याला पावसाच्या मापापेक्षा पृष्ठभाग किती काळ ओला राहतो, हे अधिक कारणीभूत असते. आषाढ-श्रावणात घाटमाथ्यावर दार दिवसेंदिवस वाळत नाही. खरेदी करताना चर्चा बहुतेक पत्र्याच्या जाडीचीच होते: १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिमी., १८ गेज म्हणजे १.२ मिमी. जाड पत्रा घरफोडीला दाद देत नाही, हे खरे. पण आयुष्य ठरते ते पत्र्यावर चढवलेल्या जस्ताच्या थरावर. जस्त स्वतः झिजते व पोलादाला वाचवते, त्यामुळे बारीक ओरखडा पडला तरी गंज लगेच पसरत नाही. प्रति चौरस मीटर १२० ग्रॅम जस्त (दोन्ही बाजू मिळून) म्हणजे एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग); २७५ ग्रॅम म्हणजे सुमारे १९ मायक्रॉन. आयएसओ ९२२३ या मानकानुसार मध्यम गंजकारक हवेत जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजते. रंग न दिलेला पहिला थर या हिशेबाने ४ ते १२ वर्षांत संपतो, दुसरा ९ ते २७ वर्षांत. वेल्डिंगच्या जागी मात्र जस्त जळून जाते. तिथे ग्राइंडर फिरवून जस्तयुक्त प्रायमर न लावताच पावडर कोटिंग केले, तर पहिला फोड त्याच सांध्यावर येतो.

दरवाजा सडतो तो खालून. रोज सडा टाकताना, उंबरठा धुताना पाणी खालच्या आडव्या पाइपात शिरते व तिथेच राहते. असा पाइप कापून पाहिला, तर बाहेरचा रंग शाबूत आणि आत ओली माती व गंजाचे पापुद्रे, असे दृश्य दिसते. त्या पाइपाला तळाशी ६ ते ८ मिमी.ची भोके ठेवणे हा स्वस्तातला सर्वांत मोठा उपाय असून तोच सर्वाधिक टाळला जातो. सिमेंटमध्ये गाडलेला चौकटीचा भाग तेथील अल्कतेमुळे टिकतो. गंज धरतो तो नेमका फरशीच्या पातळीवर. गोदावरीचा पूर नाशिकच्या नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर चढतो तेव्हा नदीकाठच्या घरांत पाइपांत गाळही जातो. पूर ओसरताच तो धुऊन काढावा लागतो.

पश्चिमाभिमुख दारांचा प्रश्न वेगळा. ४० अंशांच्या फरकाने २.१ मी. उंचीचे पोलादी दार सुमारे १ मिमी. वाढते, ते सांभाळता येते. पण बाहेरचा पत्रा आतल्यापेक्षा २० अंशांनी तापला, तर ४५ मिमी. जाडीचे दार हिशेबाने मध्यभागी ३ मिमी.पर्यंत फुगू शकते आणि दुपारी कुलपाचा खटका अडतो. मालेगाव-मनमाडकडे दारावर छज्जा, फिकट रंग व आत पॉलियुरेथेन फोम किंवा रॉकवूल या उष्णतारोधक भरावांचा विचार आधी करावा.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात मळ्यातल्या घरांना बोर्डो मिश्रणाचा, म्हणजे वेलींवर फवारल्या जाणाऱ्या मोरचूद व चुन्याच्या बुरशीनाशकाचा, त्रास होतो. मोरचुदातील तांबे जस्तावर किंवा लोखंडावर बसले की त्याखालचा धातू झपाट्याने झिजतो. फवारणीनंतर दार साध्या पाण्याने धुणे आवश्यक असते.

स्टेनलेस पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. ३०४ प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल. स्वस्त २०२ प्रतीत निकेल कमी करून मँगॅनीज वाढवलेले असते व ती लवकर डागाळते. दोन्हींना चुंबक जवळपास चिकटत नाही, त्यामुळे चुंबक लावून प्रत ओळखण्याची रीत येथे कुचकामी ठरते. बिलावर प्रत लिहून घेणे श्रेयस्कर. नव्या घराची फरशी ॲसिडने धुतात, तेव्हा त्याच्या वाफांनी ३०४ प्रतीच्या दारावरही तांबूस ठिपके उठतात. म्हणून दार फरशी धुऊन झाल्यावरच बसवावे.