झारेकरी

सोनाराच्या दुकानातील केर, शेगडीतील राख आणि जमिनीची माती विकत घेऊन तिच्यातून सोन्याचांदीचे कण काढणारा कारागीर. मुंबईच्या झवेरी बाजारात गल्ल्या झाडून, गटारांतला गाळ उपसून हेच काम करणाऱ्यांना ‘घमेलावाले’ म्हणतात. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरांत झाऱ्यांची (म्हणजे झारेकऱ्यांची) नोंद मुसलमान समाजांत असून ते मूळचे धुळधोये या हिंदू जातीतले, असे म्हटले आहे.

सोनाराकडचा केर सहसा उकिरड्यावर जात नाही. कानस चालली की सोन्याचा भुगा उडतो आणि कपड्यांना, नखांना, तळव्यांना चिकटतो. म्हणून हात धुतलेले पाणी पिंपात साठवतात, केर डब्यात भरतात. बसायची सतरंजी जीर्ण झाली तर तीही जाळून राख ठेवून देतात. साठलेला केर पुढे उक्ता विकला जातो. आत सोने किती, हे विकणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही. तो फार तर मूठभर माती धुऊन पाहतो. सौदा मातीचा दिसला, तरी खरी किंमत अंदाजाची असते.

केर आधी जाळतात, त्यामुळे केस, कागद, चिंध्या जातात. कानशीचा लोखंडी चुरा लोहचुंबकाने ओढून घेतात. उरलेली राख कुटून, चाळून घमेल्यात पाण्याबरोबर गोल फिरवतात. सोने पाण्याच्या सुमारे 19 पट जड आणि वाळू जेमतेम अडीच पट, त्यामुळे हलकी माती काठावरून वाहून जाते व तळाशी काळसर गाळ राहतो. त्यात पारा चोळला की तो सोन्याचे कण धरतो. फडक्यातून पिळून जादा पारा काढतात आणि उरलेली गोळी तापवतात. पारा वाफ होऊन उडतो. ही वाफ विषारी असते आणि ती सर्वांत आधी कारागिराच्याच छातीत जाते. पुढे तेजाबात (नायट्रिक आम्लात) चांदी व तांबे विरघळतात आणि सोने तपकिरी भुकटीच्या रूपात मागे राहते. मुशीत टाकणखार घालून वितळवेपर्यंत ते सोन्यासारखे दिसतही नाही. आम्लात गेलेली चांदी तांब्याची पट्टी बुडवून परत मिळवतात.

फाटकी पैठणी याच नात्यातली. खऱ्या जरीत चांदीची तार असते. म्हणून ‘जुनी जर’ घेणारे दारोदार फिरतात आणि जर जाळून चांदी काढली जाते. नकली जरीच्या साडीला मात्र चिंधीचाच भाव.

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतील गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यावसायिकांनी शुद्धीकरणाची हीच विद्या देशभर नेली. केरळ-तमिळनाडूपासून पंजाबपर्यंतच्या सराफपेठांत मोड (जुने, मोडीत काढलेले दागिने) गाळून देणारा माणूस अनेकदा खानापूर तालुक्यातील विटा गावाच्या परिसरातला निघतो.

सोन्याचा भाव चढला, की एकदा धुतलेली मातीही पुन्हा धुवायला परवडते. उलट आधुनिक कारखान्यांत भुगा शोषून घेणारी यंत्रे आणि गाळण्या बसल्या, तसा बाहेर पडणारा केर ‘पातळ’ झाला आणि घमेलावाल्याची मिळकत आटली. तेजाबाच्या निळसर पाण्याला मात्र अजून गिऱ्हाईक नाही. छोट्या भट्ट्यांतून ते बऱ्याचदा त्याच गटारात सोडले जाते, जिथला गाळ उपसला जातो.