दृष्टांत टिकले, हिशेब गळाले: मूल्य गुंतवणुकीची पार्श्वभूमी

'व्हॅल्यू इन्व्हेस्टिंग', म्हणजे खऱ्या मोलापेक्षा स्वस्तात शेअर घेणं, समजावताना चार दृष्टांत हमखास येतात: सिगारचं थोटूक, भक्कम पूल, लहरी भागीदार आणि किल्ल्याभोवतीचा खंदक. चारही अमेरिकी बाजारात रुजलेले, आणि प्रत्येकाच्या पोटात एक गणित होतं. सांगोवांगीत दृष्टांत तेवढे उरले.

सगळ्याचं मूळ महामंदीत आहे. ३ सप्टेंबर १९२९ला ३८१वर असलेला अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ८ जुलै १९३२ला ४१वर आला. कोलंबिया विद्यापीठात शिकवणाऱ्या बेंजामिन ग्रॅहॅम यांनी त्याच वर्षी दाखवून दिलं, की न्यूयॉर्क बाजारातल्या सुमारे ६०० औद्योगिक कंपन्यांपैकी २००हून अधिक कंपन्या निव्वळ चालू मालमत्तेपेक्षाही (रोकड, येणी, साठा यांतून देणी वजा जाता उरतं ते) कमी भावात मिळताहेत. म्हणजे जमीन, इमारत, यंत्रं फुकट. थोटूक म्हणतात ते याला. रस्त्यावर पडलेल्या सिगारचा एक झुरका शिल्लक, पण तो जवळपास फुकटचा. हा शब्द मात्र ग्रॅहॅम यांचे शिष्य वॉरन बफे यांनी आपल्या भागधारकांना लिहिलेल्या १९८९च्या वार्षिक पत्रात वापरला.

गणित सोपं दिसतं. रोकड, येणी आणि मालसाठा यांच्या बेरजेतून सगळी देणी वजा करायची आणि उरलेल्याच्या दोन तृतीयांशाहून जास्त भाव द्यायचा नाही. समजा रोकड २० कोटी, येणी ३० कोटी, साठा ६० कोटी, देणी ५० कोटी आणि शेअर १ कोटी. शेअरमागे ६० रुपये आले. कमाल भाव ४०. आता हीच कंपनी खरोखर मोडीत काढा. ग्रॅहॅम आणि डेव्हिड डॉड यांच्या १९३४च्या ग्रंथातला ढोबळ अंदाज असा, की येणी ८० टक्के वसूल होतात आणि साठ्याचे दोन तृतीयांश मिळतात. २० अधिक २४ अधिक ४०, वजा ५०: हाती ३४ रुपये. चाळीसला 'स्वस्त' घेतलेला शेअर तोट्यातच. साठा फुगलेला असेल तिथे हा नियम असा दगा देतो, म्हणून ग्रॅहॅम अशा कंपन्या एक-दोन नव्हे, गठ्ठ्यानं घेत.

शिवाय झुरका आपोआप मिळत नाही; पैसा वाटायला कोणीतरी कंपनीला भाग पाडावं लागतं. नॉर्दर्न पाइपलाइन या तेलवाहिनी कंपनीचा शेअर १९२६मध्ये ६५ डॉलरला होता आणि कंपनीकडे शेअरमागे ९५ डॉलरचे रोखे पडून होते. ग्रॅहॅम यांनी भागधारकांची मतं गोळा केली, संचालक मंडळात शिरकाव केला, तेव्हा कुठे ७० डॉलर वाटले गेले. आपल्याकडे प्रवर्तकांच्या हाती निम्म्याहून अधिक शेअर असलेल्या कंपनीत हा मार्ग जवळजवळ बंदच. रोकड ताळेबंदात वर्षानुवर्षं दिसते, हाती लागत नाही.

पुलाचा दृष्टांत बफे यांच्या १९८४च्या कोलंबियातल्या भाषणातला: ३०,००० पौंड पेलणारा पूल बांधा, त्यावरून १०,००० पौंडांचा ट्रक न्या. 'सुरक्षिततेचं अंतर' ही पुलामागची कल्पना मात्र ग्रॅहॅम यांनी कर्जरोख्यांवरून घेतली होती. रेल्वे कंपनीची करपूर्व कमाई व्याजाच्या पाचपट हवी, म्हणजे धंदा बसला तरी व्याज चुकत नाही. शेअरला तीच फूटपट्टी लावायची तर भावावरची कमाई रोख्याच्या व्याजाशी ताडून बघायची. पी/ई (भाव शेअरमागच्या वार्षिक कमाईच्या किती पट) २५ म्हणजे ४ टक्के. सरकारी रोखा ७ टक्के देत असेल, तर इथे अंतर उणे ३ आहे. पूल उभा आहे तो पुढच्या वाढीच्या भरवशावर. 'उच्चांकावरून ४० टक्के पडलाय' हे सुरक्षिततेचं अंतर नव्हे, हे किती वेळा सांगावं!

लहरी भागीदार म्हणजे ग्रॅहॅम यांच्या १९४९च्या पुस्तकातला 'मिस्टर मार्केट'. तुम्ही हजार डॉलर घातलेल्या खासगी धंद्यातला हा भागीदार रोज नवा भाव सांगतो. पटला तर घ्या किंवा विका, नाही तर दुर्लक्ष करा. अट अशी, की दुर्लक्ष करण्याची मुभा उसन्या पैशावर मिळत नाही. मार्जिन (उधारीसाठी ब्रोकरकडे ठेवायचं तारण) कमी पडलं की ब्रोकर शेअर विकून मोकळा होतो. ग्रॅहॅम यांना हे चांगलंच ठाऊक होतं: उधारीवर चाललेल्या त्यांच्या खात्याने एकट्या १९३०मध्ये सुमारे निम्मी रक्कम गमावली होती.

थोटकांचा सोस बफे यांना बर्कशायर हॅथवेत भोवला. १९६२मध्ये साडेसात डॉलरने घ्यायला सुरुवात केलेली ही कापडगिरणी १९८५मध्ये बंद करावी लागली. त्याआधीच, १९७२मध्ये, सीज कँडीज ही मिठाईची कंपनी अडीच कोटी डॉलरला घेतली होती. तिची निव्वळ मूर्त मालमत्ता ८० लाखांची, म्हणजे तिपटीहून जास्त किंमत. नफा वाढवायला नवं भांडवल फारसं लागत नव्हतं, ही तिची खरी कमाई.

बफे यांच्या १९८६च्या पत्रात खंदक आला तो गाइको या वाहनविमा कंपनीसाठी, आणि त्याचा अर्थ नेमका होता: प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कमी खर्च. आज कुठल्याही नावाजलेल्या ब्रँडला खंदक म्हणतात. याच गाइकोचा निम्मा हिस्सा ग्रॅहॅम यांनी १९४८मध्ये सुमारे ७ लाख डॉलरला घेतला होता आणि उरलेल्या सगळ्या गुंतवणुकींहून जास्त पैसा त्यातून झाला. मधल्या काळात, १९७५मध्ये, तिला १२ कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला आणि ती बुडायच्या बेतात आली. स्वस्तात विमा विकण्याची तिची पद्धत तेव्हाही शाबूत होती. चुकलं होतं ते दाव्यांसाठी बाजूला ठेवायच्या रकमेचं गणित: ती कमी धरली, म्हणून हप्तेही कमी आकारले गेले.