छोटे आयआरसी नेटवर्क : माणसे मिळवणे व टिकवणे

इंटरनेट रिले चॅट, म्हणजेच आयआरसी, या इंटरनेटवर लिहून गप्पा मारण्याच्या पद्धतीवर चालणाऱ्या दहा-वीस ते शे-दोनशे माणसांच्या स्वतंत्र नेटवर्कवर नवी माणसे यावीत, आलेली रुळावीत आणि गप्पा चालू राहाव्यात म्हणून नेटवर्क चालवणारे जे करतात, त्याविषयीची ही नोंद. यात सर्व्हर उभा करणे हेच सर्वांत सोपे काम आहे. साध्या भाड्याच्या यंत्रावर तो तासाभरात सुरू होतो आणि त्याला मेमरी व बँडविड्थ फारच थोडी लागते. अडचण सुरू होते ती त्यानंतर. रिकाम्या जागी कोणी थांबत नाही, आणि कोणी थांबत नाही म्हणून जागा रिकामीच राहते.

आयआरसी ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी सुरू केले. आधी सगळे एकाच जाळ्यावर होते. कोणालाही न विचारता सर्व्हर जोडू द्यावा की नाही, या वादातून १९९० मध्ये फूट पडली आणि ईएफनेट उभे राहिले. पुढे १९९२ मध्ये अंडरनेट, १९९४ मध्ये डालनेट आणि १९९६ मध्ये आयआरसीनेट आले. मे १९९३ मध्ये या पद्धतीचे नियम आरएफसी १४५९ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. ते वाचून कोणालाही सर्व्हर लिहिता येतो, चालवता येतो, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. छोटी नेटवर्क इतक्या मोठ्या संख्येने निघाली ती यामुळे, आणि त्यांतली बहुतेक ओस पडली तीही काही अंशी यामुळेच.

जी नेटवर्क वाढली त्यांच्याकडे पाहिले तर एक गोष्ट ठळक दिसते : माणसे सुटी सुटी येत नाहीत, घोळक्याने येतात. क्वेकनेट १९९७ मध्ये निघाले ते क्वेक हा खेळ खेळणाऱ्यांसाठी. संघ ठरवायला, सामन्याची वेळ पक्की करायला त्यांना जागा हवी होती. २००५ मध्ये तिथे एका वेळी २ लाख ४० हजारांहून अधिक जण जोडलेले होते. फ्रीनोड हे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचे मोठे ठिकाण होते. मे २०२१ मध्ये मालकीच्या वादातून तिथले स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट सुरू केले. नव्या घराचा पत्ता चॅनेलच्या (म्हणजे गप्पांच्या खोलीच्या) विषय-ओळीत लिहिणारी शेकडो चॅनेल जुन्या व्यवस्थापनाने ताब्यात घेतली. त्यामुळे थांबायचे की जायचे या विचारात असलेल्यांचाही निर्णय झाला. प्रकल्पच्या प्रकल्प उठून गेले आणि काही महिन्यांत लिबेराने फ्रीनोडला मागे टाकले. कोणी कोणाला एकेकटे बोलावले नव्हते. ओळखीची मंडळी तशीच्या तशी दुसऱ्या जागी जाऊन बसली.

म्हणून छोट्या नेटवर्कने ‘सर्व विषयांवर, सर्वांसाठी’ असा फलक लावणे ही पहिली चूक. तसली मोठी ठिकाणे आधीपासून आहेत आणि तिथे गर्दीही आहे. जुन्या संगणकांची दुरुस्ती, एखादा हौशी खेळ, एखाद्या भाषेतला शब्दकोश असे एकत्र काम असलेल्या आठ-दहा जणांना आणणे हे वाटेवरच्या शंभर अनोळखी लोकांना हाक मारण्यापेक्षा कितीतरी फलदायी ठरते. दुसऱ्यांच्या चॅनेलवर जाऊन आपल्या नेटवर्कची जाहिरात टाकणे तर सरळ घातक. त्यातून माणसे मिळत नाहीत, बॅन (प्रवेशबंदी) मिळतो, आणि नाव खराब होते ते वेगळेच. नेटवर्कच्या यादीत नाव नोंदवायला हरकत नाही, पण तिथून येणारे बहुधा डोकावून जातात.

दुसरी चूक चॅनेलांच्या संख्येची. उत्साहात गप्पा, संगीत, मदत, प्रश्नमंजुषा अशी दहा चॅनेल उघडली जातात आणि तीस माणसे त्यांत विखुरतात. याचा हिशेब मांडून पाहावा. प्रत्येक माणूस दहापैकी एक तास खरोखर कीबोर्डपाशी असतो असे धरू. तीन माणसांच्या चॅनेलवर कोणत्याही क्षणी निदान एक जण जागा असण्याची शक्यता २७ टक्के येते. तीसही जण एकाच चॅनेलवर असतील, तर तीच शक्यता ९६ टक्क्यांवर जाते. माणसे तेवढीच, सर्व्हरही तोच. त्यामुळे सुरुवातीला एकच चॅनेल ठेवावे, आणि दोन गप्पा एकमेकींत गुंतून वाचणे खरोखर अवघड होऊ लागले की मगच दुसरे उघडावे.

नव्या माणसाची पहिली काही मिनिटे कशी जातात यावर सगळे अवलंबून असते. एक नेहमीचा प्रसंग घेऊ. चॅनेलवर चौदा नावे दिसत आहेत. ‘पाहुणा४२’ आत येतो. बॉट, म्हणजे आपोआप बोलणारा प्रोग्रॅम, ठरलेले स्वागतवाक्य टाकतो. पाहुणा लिहितो, ‘नमस्कार, कोणी आहे का?’ मिनिट जाते, दोन जातात. तो नावांची यादी वरपासून खालपर्यंत पाहतो. चौथ्या मिनिटाला पडद्यावर त्याच्या निघून जाण्याची ओळ उमटते. सहाव्या मिनिटाला जुना सदस्य लिहितो, ‘आहे, बोला’. तोवर ऐकणारा उरलेला नसतो. चौदा नावांपैकी दोन बॉट होते आणि बाकीचे बहुतेक बाउन्सरवरून, म्हणजे माणसाच्या वतीने सतत जोडलेल्या राहणाऱ्या प्रोग्रॅमवरून, जोडलेले होते. म्हणजे माणूस झोपलेला असला तरी त्याचे नाव हजर. नावे जितकी जास्त तितकी ती शांतता पाहुण्याला अधिक लागते, कारण चौदा जणांनी आपल्याकडे दुर्लक्ष केले असे त्याला वाटते. नवीन माणूस आला की सूचना वाजेल अशी सोय जुन्या चार-पाच जणांनी आपापल्या क्लायंटमध्ये (आयआरसी वापरण्याच्या प्रोग्रॅममध्ये) करून घेणे हा यावरचा साधा आणि सर्वांत गुणकारी उपाय आहे. बॉटच्या स्वागताने ते काम होत नाही.

या अडचणीचे मूळ आयआरसीच्या रचनेत आहे. मूळ नियमांप्रमाणे सर्व्हर संदेश पोहोचवतो, साठवत नाही. त्यामुळे आत येणाऱ्याला कोरी खिडकी दिसते, अर्ध्या तासापूर्वी रंगलेली चर्चा त्याच्यासाठी घडलेलीच नसते. नंतर आलेल्या चॅट-अ‍ॅपांवर मागचे सगळे वाचायला मिळते, आणि लोकांना आता त्याचीच सवय आहे. आयआरसीव्ही३ या नव्या विस्तारांत मागचे संदेश मागवण्याची सोय आहे, आणि एर्गोसारख्या सर्व्हरमध्ये संदेशांचा साठा व बाउन्सर आतच बांधलेले आहेत. छोट्या नेटवर्कने ही सोय जरूर द्यावी. मात्र संदेश साठवले जातात हे सदस्यांना आधी स्पष्ट सांगावे. इथले बोलणे हवेत विरते असे समजून लिहिणाऱ्याचा विश्वास त्यात गुंतलेला असतो.

सर्व्हर जोडत जाण्याचा मोहही असाच टाळावा. आयआरसीचे सर्व्हर झाडाच्या फांद्यांसारखे एकमेकांना जोडलेले असतात, दोन सर्व्हरांमध्ये एकच वाट. ती तुटली की नेटवर्कचे दोन तुकडे पडतात. याला नेटस्प्लिट म्हणतात. हजारोंच्या नेटवर्कला तो जाणवला तरी पचतो. वीस जणांच्या चॅनेलवर मात्र एका क्षणात अकरा नावे गळतात, वाक्य अर्धे राहते, आणि परत जोडणी झाली तरी धागा सापडत नाही. तीन खंडांत पाच सर्व्हर असल्याचे समाधान चालवणाऱ्याला मिळते; बोलणाऱ्याला एकच सर्व्हर हवा असतो, सहसा बंद न पडणारा.

दाराशी किती अडथळे आहेत हेही पाहावे. क्लायंट उतरवा, सर्व्हरचा पत्ता भरा, ६६९७ या पोर्टवर सुरक्षित जोडणी करा, एवढे सांगितल्यावर नवखा माणूस तिथेच सोडून देतो. वेबपानावरूनच नाव टाकून आत जाता आले पाहिजे. मात्र वेबक्लायंटने येणारे सगळे सर्व्हरला एकाच आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) आल्यासारखे दिसतात. खरा पत्ता पुढे पाठवण्याची सोय लावली नसेल तर एका व्रात्य माणसावर घातलेला बॅन सगळ्यांवर पडतो. एका आयपीवरून मोजक्याच जोडण्या घेण्याच्या मर्यादेचेही तसेच आहे. एकाच संगणककक्षातून आठ मित्र मिळून आले, तर पहिले तीन आत आणि उरलेले बाहेर. ज्या घोळक्याची वाट पाहत होतो तोच असा परत जातो.

टोपणनावाचा प्रश्न वरवर किरकोळ, पण माणूस परत येण्यामागचे ते मोठे कारण आहे. मूळ नियमांत निक, म्हणजे टोपणनाव, नऊ अक्षरांपर्यंतचे असे आणि त्यावर कोणाचाही हक्क नसे. तुम्ही गेलात की ते नाव दुसरा घेऊ शके. डालनेटने निक व चॅनेल नोंदवून राखण्याच्या सेवा रूढ केल्या आणि आज त्या जवळपास सर्वत्र आहेत. नाव आपले झाले की जागाही थोडी आपली वाटते. फक्त नोंदणीची सक्ती पहिल्या दिवशी करू नये. माणूस तीन-चार संध्याकाळी बोलून गेल्यावर, ‘हे नाव राखून ठेवायचे का?’ असे एखाद्या सदस्याने विचारणे बरे.

ऑपरेटरांबद्दल, म्हणजे शिस्त राखण्याचे अधिकार असलेल्या ‘ऑप’ मंडळींबद्दल, थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण छोटी नेटवर्क बाहेरच्या हल्ल्यांपेक्षा आतल्या रुसव्याफुगव्यांनी जास्त मोडतात. वीस जणांत सात ऑप असले की अधिकार हाच गप्पांचा विषय होऊन बसतो. नियम चार ओळींत मावावेत. किक करण्याआधी (चॅनेलबाहेर काढण्याआधी) खासगीत एक वाक्य बोलावे, आणि बॅनला मुदत असावी. घरगुती जोडण्यांचे आयपी पत्ते बदलत राहतात, म्हणून काही ऑप पत्त्यांचा सबंध पट्टाच अडवतात आणि त्यात निरपराधही अडकतात. याउलट, त्रास देणाऱ्याला ‘माणसे आधीच कमी आहेत’ म्हणून सांभाळून घेणे आणखी वाईट. एका बोचऱ्या माणसापायी तीन शांत माणसे न सांगता जातात आणि ती का गेली हे कोणालाच कळत नाही.

बाहेरच्या हल्ल्यांपुढे मोठ्यांचेही चालत नाही. डालनेटचे बरेच लोक २००२-०३ मधल्या सततच्या डीडॉस हल्ल्यांमुळे (अनेक यंत्रांवरून एकदम मारा करून सर्व्हर बंद पाडण्यामुळे) निघून गेले. लहानांनी निदान सदस्यांचे आयपी पत्ते झाकून ठेवावेत. बहुतेक सर्व्हर सॉफ्टवेअरांत ती सोय असते.

रोजची वर्दळ नसेल तर ठरलेली वेळ उपयोगी पडते. आठवड्यातला एक वार, एक तास, एक विषय. त्या तासाला सगळे खरोखर जागे असतात आणि नव्या माणसाला केव्हा यावे हे सांगता येते. प्रश्नमंजुषेचा बॉट काही दिवस गर्दी जमवतो, पण ती मंडळी बॉटशी बोलायला येतात, एकमेकांशी नाही.

आणि कधी कधी माणसे कमीच होत जातात. तेव्हा सर्व्हर एका रात्रीत बंद करण्यापेक्षा उरलेल्यांनी मिळून एखाद्या मोठ्या नेटवर्कवर चॅनेल म्हणून जाणे चांगले. तारीख आधी जाहीर करावी, प्रत्येकाला आपले निक तिथे नोंदवायला वेळ द्यावा, आणि जुना सर्व्हर काही महिने चालू ठेवून त्याच्या स्वागतसंदेशात नव्या जागेचा पत्ता ठेवावा. वर्षभराने आठवण येऊन डोकावणारा एखादा असतोच.