वेल्डिंगमधील शेष प्रतिबलांचे संयुक्त प्रतिमानन

वेल्डिंगचा सांधा थंड झाल्यावर धातूत कोंडून राहणाऱ्या शेष प्रतिबलांचा (एकक क्षेत्रफळावरील अंतर्गत बलांचा) अंदाज सूक्ष्म व स्थूल अशी दोन संगणकीय प्रतिमाने जोडून बांधण्याची पद्धत. सौम्य पोलाद पुरते जखडलेले असता तापमान १° से. वाढले की सुमारे २.४ मेगापास्कल दाब निर्माण होतो. म्हणजे २५० मेगापास्कलचा नम्यता बिंदू (ज्यापुढे धातू कायमचा वाकतो वा दबतो) जेमतेम १००° वाढीतच गाठला जातो. सांधा तर १,५००° से.च्या आसपास वितळतो. लगतचा पट्टा तापताना दबून कायमचा आखूड होतो व थंड होताना भोवतालच्या धातूला ओढतो. विदर्भातील गावोगावच्या ट्रॅक्टर-ट्रॉली बांधणाऱ्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत आधी टाके (छोटे तात्पुरते जोड) मारून मग आलटूनपालटून रन (वेल्डिंगच्या सलग रेघा) टाकतात, ते याच ओढीमुळे.

पद्धतीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काही जण तो विमानरचनेतील उपसंरचना विश्लेषणात, म्हणजे मोठ्या रचनेचे तुकडे पाडून गणित करण्याच्या रीतीत, शोधतात. फिरत्या उष्णतास्रोताचे रोझेंथाल यांचे गणित त्याहून जुने (१९३०–४० च्या दशकांतील) असले, तरी ते तापमानापुरते आहे. उएडा व यामाकावा यांनी १९७१ च्या सुमारास आणि हिबिट व मार्सल यांनी १९७३ मध्ये फायनाइट एलिमेंट पद्धतीने (रचनेचे जाळीसारखे छोटे घटक पाडून) वेल्डिंगचे ताप-यांत्रिक गणित मांडले. तथापि उएडा व सहकाऱ्यांची अंगभूत विकृतीची, म्हणजे सांध्यात कायम राहणाऱ्या आकारबदलाची, कल्पना (१९७५) हाच खरा पाया मानणे अधिक सयुक्तिक वाटते; कारण उपसंरचनेत केवळ आकडेमोड वाटली जाते, तर येथे एका प्रतिमानातून दुसऱ्यात काय न्यायचे हे भौतिकीच ठरवते.

न्यायची असते ती विकृती, प्रतिबल नव्हे. प्रतिबल भोवतालच्या जखडणीप्रमाणे बदलते. कायमची आखूडता मात्र बरीचशी सांध्यापाशीच ठरते. म्हणून सांध्याच्या छोट्या तुकड्यावर बारीक जाळी टाकून वितळण्यापासून गार होईपर्यंतचे अरेषीय गणित करतात. त्यातली आखूडता जाड जाळीच्या, बहुधा कवच घटकांच्या (पातळ पत्र्यासारख्या घटकांच्या), पूर्ण रचनेवर लादली की एकच स्थितिस्थापक गणित पुरते. तुकडा अपुरा घेतला किंवा त्याची टोके चुकीची जखडली, तर आखूडताच चुकते. पातळ पत्रा फुगून लचकतो तेव्हा साधे रेषीय गणित लागू पडत नाही. रन टाकण्याचा क्रमही वेगळा हिशेबात घ्यावा लागतो.

पवनीजवळच्या गोसेखुर्द धरणाची ३३ दारे, चंद्रपूर व कोराडी येथील औष्णिक केंद्रांतील वाफेच्या नळ्या अशा अवजड रचनांना ही पद्धत लागू पडते. पडताळणीसाठी सांध्यालगत विकृतिमापक चिकटवून लहान छिद्र पाडतात आणि मोकळ्या झालेल्या विकृतीवरून प्रतिबल काढतात.