मर्ल ओबेरॉन टास्मानियाची नव्हे, मुंबईची

ऑस्करचे दिवस आले की हॉलिवूडची जुनी नायिका मर्ल ओबेरॉन ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाची, ही माहिती पुन्हा कुणीतरी पुढे ढकलतं. साफ खोटं. ती आपल्या मुंबईत जन्मली, 19 फेब्रुवारी 1911 ला. घरचं नाव क्वीनी. पुढे ती कलकत्त्यात वाढली.

टास्मानियाची कथा प्रसिद्धीसाठी रचलेली. एवढ्या लांबच्या बेटावर खातरजमा करायला जातंय कोण? ती मिश्रवंशीय आहे हे कळलं असतं, तर नायिकेच्या भूमिका आणि 1935 च्या चित्रपटासाठी मिळालेलं ऑस्कर नामांकन, सगळंच अवघड होतं.

या खोट्याची झळ घरातल्या माणसाला बसली. जिला ती आई म्हणायची, ती सावळी शार्लट (नात्याने खरं तर आजी!) पाहुण्यांपुढे मोलकरीण म्हणून वावरायची. ती गेल्यावर मर्लने चित्रकाराकडून तिचं चित्र काढून घेतलं, तेही रंग उजळवून. भिंतीवरसुद्धा आई गोरीच हवी होती.

1978 मध्ये टास्मानियाची राजधानी होबार्टने या ‘लेकी’साठी स्वागतसमारंभ ठेवला. ती तिथे हजरही राहिली. पुढच्याच वर्षी तिचं निधन झालं, आणि मुंबईचा जन्म चारचौघांत आला तो त्यानंतर.